सरकारी अनुदान आणि बर्फाचा खोका

मासेमारी आणि मासळी प्रक्रिया उद्योगांसाठी अनुदानाचे प्रस्ताव तयार करून देण्याचे काम मी काही वर्षे करते आहे. या काळात प्रकल्प अहवाल, दरपत्रके आणि ताळेबंद यांच्या फायली पुष्कळ हाताळल्या. परंतु सरकारी पैसा या व्यवसायात नेमका कुठे खर्च व्हायला हवा, याविषयीचे माझे मत एका बर्फाच्या खोक्यापाशी पक्के झाले.

तो खोका एका छोट्या प्रक्रिया शेडच्या दारात ठेवलेला होता. झाकणाचा कोपरा तुटलेला, आतला थर्माकोल उघडा पडलेला आणि तळाशी लालसर पाणी साचलेले. वरच्या थरातल्या बांगड्यांचे डोळे टपोरे आणि कल्ले लाल होते; खालच्या थरातला मासा बोटाने दाबला, तर पडलेला खड्डा तसाच राहत होता. दोन्ही थर एकाच होडीतून, एकाच पहाटे उतरले होते. बर्फ कमी पडला म्हणून तो फक्त वर पसरला होता, एवढाच काय तो फरक. शेड चालवणाऱ्या बाईंनी खालचे सगळे बांगडे निमूटपणे बाजूला काढले. बांगडा, ट्यूना अशा माशांचा थंडावा तुटला की जिवाणूंमुळे त्यांत हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवल्यानेही जात नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. मासे पकडण्याचे श्रम झाले होते, डिझेल जळले होते, समुद्रातला साठा तेवढ्याने घटला होता आणि हाती काहीच आले नव्हते.

आता जगभरातला सरकारी पैसा कुठे जातो ते पाहावे. संशोधकांच्या एका अंदाजानुसार २०१८ मध्ये जगातील सरकारांनी सागरी मासेमारीला सुमारे ३५.४ अब्ज डॉलरचे अर्थसाहाय्य दिले आणि त्यातले सुमारे २२.२ अब्ज डॉलर मासेमारीची क्षमता वाढवणाऱ्या गोष्टींवर गेले. सर्वांत मोठा एकटा वाटा इंधनाचा होता, एकूण रकमेच्या सुमारे २२ टक्के. बोटी बांधणे, त्यांचे आधुनिकीकरण करणे, करसवलती देणे हेही क्षमता वाढवणाऱ्या खर्चातच मोडते.

इंधनावरील सवलत वरवर पाहता सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती थेट मच्छीमाराच्या खर्चाला हात देते. म्हणूनच तिचा परिणाम नीट समजून घ्यायला हवा. किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली की बोटीला अधिक दूर जावे लागते, फेरी लांबते, डिझेल अधिक लागते आणि एका टप्प्यावर ती फेरी परवडेनाशी होते. हे न परवडणे म्हणजे समुद्राने दिलेली सूचना असते. डिझेल स्वस्त करून दिले की तीच फेरी पुन्हा परवडू लागते, घटलेल्या साठ्यावर जाळे पडतच राहते आणि पुढच्या हंगामात आणखी सवलतीची मागणी करावी लागते. शिवाय सवलत लिटरवर मिळत असल्यामुळे जो अधिक डिझेल जाळतो त्याला ती अधिक मिळते. मोठ्या ट्रॉलरचा मालक आणि लहान होडीवाला एकाच योजनेचे लाभार्थी असले, तरी त्यांच्या पदरात पडणाऱ्या रकमा सारख्या नसतात. मच्छीमाराला मदत करू नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. या मार्गाने केलेली मदत त्याच्या उद्याच्या मासळीतून वसूल होते, हे माझे दुःख आहे.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंडचे उदाहरण मी प्रत्येक बैठकीत देते. १९७७ मध्ये किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचा ताबा देशाच्या हाती आल्यानंतर तेथे सरकारी पाठबळावर ताफा आणि प्रक्रिया कारखाने वाढवले गेले. २ जुलै १९९२ रोजी कॉड माशाची व्यावसायिक मासेमारी थांबवावी लागली आणि सुमारे ३०,००० लोकांचे काम गेले. त्यानंतर सरकारला त्याच लोकांना उत्पन्नाचा आधार आणि पुनर्प्रशिक्षण देण्यासाठी प्रचंड खर्च करावा लागला. नॉर्वेने उलट दिशा धरली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील अनुदाने फार मोठी होती, ती १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी बंद झाली आणि व्यवसाय टिकून राहिला.

जागतिक व्यापार संघटनेत या विषयावरील वाटाघाटींना २००१ मध्ये दोहा येथे सुरुवात झाली. करार १७ जून २०२२ रोजी संमत झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला. बेकायदेशीर मासेमारी, अतिमासेमारी झालेले साठे आणि कोणत्याही नियमनाखाली न येणारा खुला समुद्र, या तीन ठिकाणी अर्थसाहाय्यास त्याने बंदी घातली. घटलेला साठा सावरण्यासाठी असलेल्या उपाययोजनांना मात्र सूट आहे. मत्स्यसंवर्धन (म्हणजे मासे पाळून वाढवणे, मत्स्यशेती) आणि गोड्या पाण्यातील मासेमारी या कराराच्या बाहेर आहेत. क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही आणि करार अमलात आल्यापासून चार वर्षांत त्यावर सर्वंकष नियम झाले नाहीत, तर सदस्य देशांनी वेगळे ठरवल्याखेरीज हा करारच संपुष्टात येईल, असे कलम त्यात आहे. एवढ्या परिश्रमांनी झालेला करार असा तारखेला टांगलेला असावा, याची मला मनापासून काळजी वाटते.

मग पैसा कुठे द्यावा? बर्फाचा कारखाना, धक्क्यावरचे स्वच्छ पाणी, झाकण असलेले खोके, शीतगृह, प्रयोगशाळेतील तपासणी, साठ्यांचे शास्त्रीय मोजमाप, जीवरक्षक साधने. यातल्या कशानेही समुद्रातून एक मासा जास्त निघत नाही, पण निघालेल्या प्रत्येक माशाचे मोल वाढते. मत्स्यसंवर्धनाबाबत चांगले बीज आणि रोगनिदान या दोन गोष्टी मी सर्वांत वर ठेवीन. २०२२ मध्ये संवर्धनातून मिळालेले जलचर प्राण्यांचे उत्पादन प्रथमच पकडीपेक्षा अधिक झाले, तेव्हा हा भाग आता दुय्यम मानता येणार नाही.

योजना योग्य असूनही लहान व्यावसायिक तिच्याबाहेर राहतो, याचे कारण पुष्कळदा रक्कम देण्याच्या पद्धतीत असते. बहुतेक अनुदाने परताव्याच्या स्वरूपात मिळतात: आधी यंत्र स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशाने घ्यायचे, मूळ देयके आणि पूर्णत्वाचा दाखला जोडायचा, तपासणी होऊ द्यायची आणि मग वाट पाहायची. ज्याच्याकडे भांडवल किंवा तारण आहे, त्यालाच हे जमते. त्या शेडच्या बाईंचा प्रस्ताव मंजूर झाला होता. मंजुरीचे पत्र हातात धरून त्या मला म्हणाल्या, “ताई, अर्धे पैसे सरकार देणार हे खरे, पण आधी पूर्ण पैसे आणायचे कुठून, ते या कागदात लिहिलेले नाही.” त्यांची मुदत निघून गेली.

हे बदलणे अशक्य नाही. युरोपीय संघाच्या २०२१ ते २०२७ या काळातील सुमारे ६.१ अब्ज युरोंच्या निधीत बारा मीटरपेक्षा लहान आणि ओढजाळे न वापरणाऱ्या बोटींसाठी शंभर टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. जेथे तशी तरतूद नाही, तेथे निदान मंजुरीनंतर पहिला हप्ता आगाऊ द्यावा आणि तो थेट यंत्र पुरवणाऱ्याच्या खात्यात जमा करावा. गैरवापराची भीती त्याने पुष्कळ कमी होते.

त्या बाईंचा नवा प्रस्ताव आम्ही या महिन्यात तयार केला आहे. या वेळी बर्फयंत्र एकटीच्या नावाने न मागता शेजारच्या चार शेडच्या महिलांनी मिळून मागितले आहे, म्हणजे स्वहिस्सा पाच जणींत वाटला जाईल. पाचही सह्या झाल्या आहेत. आता बँकेच्या पत्राची तेवढी वाट आहे.