वरचा दोर कुठला?

मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावात जुन्या शाळेच्या दोन खोल्यांमध्ये मासेमारीचं छोटं संग्रहालय आहे. वस्तू गावानेच दिलेल्या: उलांडीची होडी, दोन लोखंडी नांगर, वल्ही, काथ्याचे दोर, मासळी वाहायच्या टोपल्या आणि मधल्या भिंतीवर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या, जाळ्याचा एक तुकडा. मे महिन्याच्या शेवटी, पावसाळ्याआधी वस्तू तपासून द्या म्हणून मला बोलावलं होतं. जुन्या वस्तूंचं जतन हे माझं काम. दिवस एकच होता. जाळ्यावरची बुरशी बघायची आणि नांगरांचे सुटणारे पापुद्रे कसे थांबवायचे ते सांगायचं, एवढंच ठरलं होतं.

दहाच्या सुमारास जाळं देणारे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, आले. वय ऐंशीच्या पुढे. दारातच थांबले, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यां उलटां आसा."

जाळं खरोखरच उलटं होतं, आणि ते मला कळलं नव्हतं. शिशाचे तुकडे ठोकलेला जाड दोर वर, छताजवळच्या खिळ्यांना बांधलेला. खालच्या काठाला दोरच नाही. तो काठ ओढून दोन्ही बाजूंना खिळ्यांत अडकवलेला. वर पाच मीटर आणि खाली नऊ मीटर, असा घेरदार आकार झाला होता. शेजारच्या फलकावरही 'घेरदार जाळं' असंच लिहिलेलं. वरचा मूळ दोर जाळं देण्याआधीच कुजून गेला होता. त्याच्यावरचे लाकडी बोये, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे तुकडे, सुटे आले, ते दुसऱ्या खोलीतल्या काचपेटीत ठेवले गेले आणि खाली चिठ्ठी लागली: 'लाकडी चकत्या, उपयोग माहीत नाही.' टांगायची वेळ आली तेव्हा हाताशी मजबूत दोर एकच होता, शिशाचा. तो वर गेला.

तांडेलांनी एक बोया हातात घेतला आणि मधल्या भोकात अंगठा घातला. भोक गोल नव्हतं, एका बाजूला लांबट झिजलं होतं. दोर त्याच बाजूने खेचला जातो, म्हणून झीज तिथेच. लाकूड इतकं हलकं की तळहातावर वजन जाणवत नव्हतं. पांगाऱ्याचं, असं ते म्हणाले. किनाऱ्यावर बोयांसाठी अशीच हलकी लाकडं वापरत.

"पाण्यात ह्यां असां ऱ्हवणा नाय," हे त्यांचं दुसरं वाक्य. मला ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं वाटलं, कारण जाळ्याला स्वतःचा आकार नसतो. वरचे बोये वर खेचतात, खालचं शिसं खाली खेचतं, आणि दोरावर किती आस किती अंतरात बांधले त्यावर प्रत्येक आस किती उघडणार ते ठरतं. आस म्हणजे जाळ्याचं एक घर. भिंतीवर बोये नाहीत, शिसं उलट्या बाजूला आणि काठ खिळ्यांनी ताणलेला. मग उरतं ते नुसतं विणलेलं सूत.

रापण किनाऱ्यावरून ओढतात. एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात ठेवून होडी अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. मोठ्या रापणीला पन्नास-साठ माणसंही कमी पडतात. मधल्या भागात आस बारीक, कडेच्या पंखांत मोठे. मासळी मधे जमते, पंख तिला फक्त वळवतात. एक बाजू पुढे गेली की मधला भाग तिरका होतो आणि मासळी मागे राहिलेल्या बाजूने निसटते. उथळ पाण्यात आल्यावर खालचा दोर तळाला घासत राहिला पाहिजे. तो वीतभर उचलला गेला तरी बांगडा खालून सटकतो, म्हणून तिथे माणसं त्या दोरावर पाय देऊन चालतात. जाळंही एकसंध नसे. ज्याचा त्याचा तुकडा, असे तुकडे जोडून रापण व्हायची आणि वाटाही त्यावरून ठरायचा. भिंतीवरचा तुकडा असाच एका घराचा होता.

तुकडा नीट टांगायचा तर आधी त्याचं मूळ प्रमाण शोधायला हवं होतं. सुदैवाने शिशाच्या दोरावरच्या गाठी शाबूत होत्या. दर दहा सेंटिमीटरला एक गाठ, आणि दोन गाठींत आठ आस. आस ताणून मोजला तर २५ मिलिमीटर, म्हणजे आठ आसांचं ताणलेलं जाळं २० सेंटिमीटर. ते दहा सेंटिमीटर दोरावर बसवलेलं. प्रमाण ०.५. तांडेल याला 'मुठीला आठ' म्हणाले. त्यांनी दोरावर मूठ ठेवून दाखवली, ती बरोबर गाठीपासून गाठीपर्यंत आली.

पुढचा हिशेब सोपा होता. पाच मीटर दोरावर ५० गाठी, ४०० आस, ताणून १० मीटर. वरपासून खालपर्यंत १६० आस, ताणून ४ मीटर. ०.५ ने टांगलं तर उंची ताणलेल्या उंचीच्या ०.८७ पट, म्हणजे साधारण ३.४६ मीटर. भिंतीवर सुटा काठ नऊ मीटरपर्यंत खेचला होता, म्हणजे ०.९. त्या प्रमाणात आस आडवे चपटे होतात आणि पूर्ण जाळं तसं असतं तर उंची ४ मीटरची साधारण १.७४ मीटर झाली असती. सुट्या काठाचे आस असे आडवे मिटलेले होते आणि खिळ्यांजवळ बारा ठिकाणी सूत तुटलं होतं. आसाचं तोंड सगळ्यात जास्त उघडतं ते ०.७ च्या आसपास. रापणकरांनी ०.५ का धरलं? सैल जाळं प्रवाहात फुगतं, मासळी धडकली तरी ताण एका धाग्यावर येत नाही आणि उंची जास्त मिळते. हे उत्तर तांडेलांचं. आकडे मी घातले.

वरच्या काठाचं प्रमाण तेच होतं का, याचा पुरावाही सापडला. भिंग लावून बघितलं तर सुट्या काठाचा दर आठवा आस आतून गुळगुळीत झिजलेला, गाठीचा दोरा तिथे वर्षानुवर्षं घासलेला. तांडेलांना भिंग लागलं नाही. डोळे मिटून त्यांनी काठ बोटांमधून सरकवला आणि दर आठव्या आसाला थांबले.

दुरुस्त्यांनीही साक्ष दिली. वेगळ्या सुताने विणलेली ठिगळं शिशाच्या दोरापासून हातभर उंचीतच दाटीने होती, वरच्या भागात जेमतेम तीन. तळाला घासतं तिथेच फाटतं. दोर हरवला असता आणि शिसंही गळून पडलं असतं, तरी ठिगळं मोजून खालची बाजू ओळखता आली असती. जाळं टांगण्याआधी ठिगळांचा नकाशा काढायला हवा, ही सवय मी त्या दिवसापासून धरली आहे.

उतरवताना तिघे लागले. खाली धुतलेली सुती चादर, आणि गुंडाळायला दहा सेंटिमीटर जाडीचा प्लास्टिकचा पाइप, त्यावर सुती कापड. खिळे गंजलेले होते. गंज सुताला चिकटतो आणि ओढलं की धागा त्याच्याबरोबर तुटतो, म्हणून दोरा न ओढता खिळाच पकडीने उपटला. तरीही एका कोपऱ्यात तीन आस गेले. तो कोपरा बाकीच्या तपकिरी जाळ्यात फिकट दिसत होता. कारण विचारल्यावर कळलं की जाळं 'मळकट' वाटल्याने कोणीतरी तो साबणाच्या पावडरीने धुवून बघितला होता. तो तपकिरी रंग मळ नव्हताच. सुताची आणि तागाची जाळी पाण्यात कुजतात, म्हणून ऐनासारख्या झाडांची साल उकळून त्या काढ्यात ती भिजवत. सालीतल्या टॅनिनने कुजणं मंदावतं. हे एकदा करून भागत नसे, हंगामात पुन्हा पुन्हा करावं लागे, आणि रोज जाळं वाळूवर पसरून सुकवावं लागे ते वेगळंच. नायलॉन आल्यावर ही सगळी मेहनत संपली आणि सालीचा काढा उकळायची मोठी भांडीही गेली. संग्रहालयात असं एकही भांडं नाही. मला ते होडीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बुरशीचं कारण मिठात होतं. आर्द्रता मोजली तर ८२ टक्के. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. पूर्ण न धुतलेलं जाळं पावसाळ्यात गळतीशिवायही ओलं होतं, उन्हाळ्यात सुकतं, मिठाचे खडे धाग्याच्या आत पुन्हा तयार होतात आणि धागा आतून चिरतो. धुवून काढावं म्हटलं तर इतक्या जुन्या सुताला पाण्याचं वजनच पेलवत नाही. म्हणून मऊ ब्रश घेतला, नळीच्या तोंडाला बारीक जाळी लावून व्हॅक्यूम कमीत कमी जोरावर ठेवला, तोंडाला मास्क, आणि हे सगळं खोलीबाहेर सावलीत. उन्हात नाही. उन्हाने बुरशी सुकते, पण सूतही ठिसूळ होतं. पंखा आणि खिडक्यांना बारीक जाळी, एवढंही त्या खोलीला पुष्कळ आहे. वातानुकूलन मी सुचवलं नाही. दिवसा चालू आणि रात्री बंद असं ते झालं तर शेजारच्या होडीच्या फळ्या रोज आकसतील आणि फुगतील, आणि काथ्याचे टाके सैल पडतील.

जतनाच्या दृष्टीने दिवसातली सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र काचपेटीत निघाली. जाळ्यावरून काढलेले शिशाचे सहा तुकडे तिथे बोयांच्या शेजारी मांडले होते. त्यांच्यावर पांढरी भुकटी साचली होती, ती मीठ समजून कोणीतरी फडक्याने पुसतही होतं. दोरावर राहिलेले दहा तुकडे त्याच हवेत, तरी नुसतेच करडे. फरक पेटीचा होता. पेटी नव्या प्लायवूडची, आतून रंगवलेली, काच घट्ट बसवलेली. उघडल्याबरोबर आंबूस वास आला. नवं लाकूड आणि प्लायवूड ॲसेटिक आम्लाची वाफ सोडतात, बंद पेटीत ती साचते आणि शिसं खाते. पांढरी भुकटी म्हणजे मुख्यतः शिशाचं कार्बोनेट, पोटात किंवा श्वासात गेलं तर विषारी. संग्रहालयात शाळेची मुलं येतात.

हातमोजे घालून तुकडे काढले. भुकटी कोरड्या ब्रशने झाडली नाही, उडते म्हणून. ओलसर कापडाने टिपली, कापड पिशवीत बंद केलं. तुकडे झाकणाच्या पॉलिथिनच्या डब्यात गेले. पेटी रिकामी करून उघडी ठेवली. शिशासाठी पुढची पेटी काच आणि रंग भाजलेल्या पत्र्याची हवी, लाकूड आत नको, हे लिहून दिलं. नांगरांसाठी वेगळा कागद लिहिला. त्यांच्या गंजात समुद्राचा क्लोराइड अडकलेला आहे, वरून रंग लावला तर आतून पापुद्रे सुटतच राहतील. सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात महिनोन् महिने, पाणी बदलत ठेवावं लागेल, आणि ते काम प्रयोगशाळेत, जाणकाराच्या देखरेखीखाली.

दुपारी तीनला जाळं पुन्हा टांगायला घेतलं. नवा सुती दोर, पाच मीटर. दर दहा सेंटिमीटरला खूण. गाठीसाठी बारीक दोरा टाळून मऊ सुती फीत वापरली, म्हणजे भार एका धाग्यावर येत नाही. आठ आस, एक फीत, पन्नास वेळा. पहिल्या दहा माझ्याकडून झाल्या, उरलेल्या चाळीस तांडेलांनी माझ्या निम्म्या वेळात बांधल्या. आडवी नळी ३.२ मीटर उंचीवर बसली. जाळं ३.४६ मीटर, म्हणून खालची वीतभर लांबी आणि शिशाचा दोर जमिनीवरच्या बुटक्या ओट्यावर टेकला. त्याने शिशाचं वजन जुन्या सुतावर येत नाही, आणि समुद्रातही तो दोर तळालाच टेकलेला असतो. दिवा कमी केला, उजेड ५० लक्सच्या आत. पहिल्यांदाच आस पत्त्यांतल्या चौकटीसारखे उभे उघडलेले दिसले. खोलीतलं बोलणं थोडा वेळ थांबलं.

बोये नव्या दोरावर बसवायचे का, यावर बराच खल झाला. शेवटी मूळ बोये पेटीतच ठेवायचे आणि दोरावर त्याच मापाचे नवे लावायचे ठरलं. नव्यांवर 'नवा' असं लिहिलेलं असेल. मूळ बोयांची चिठ्ठी तांडेलांनी सांगितली तशी बदलली: पांगाऱ्याचा बोया, रापणीच्या वरच्या दोरावरचा.

तुटलेले तीन आस तांडेल तिथेच विणायला निघाले होते. खिशात बांबूची सुई होतीच. जुन्या तुकड्यात नवं सूत घालायचं नाही, फाटलंय ते तसंच राहू दे, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. फाटलेलं जाळं लोकांपुढे ठेवणं त्यांच्या लेखी घरची अब्रू उघडी टाकणं होतं, आणि त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. मधला मार्ग त्यांनीच काढला. नव्या सुताचा, मुठीला आठ आसांचा एक हातभर तुकडा त्यांनी संध्याकाळपर्यंत विणून दिला. वर दोर, खाली दोर, एक नवा बोया, आणि शिशाच्या जागी भोक पाडलेला छोटा दगड. तो दाराजवळ टांगला आहे, हात लावायला.

निघण्याआधी नोंदवहीत त्या वस्तूचं पान नव्याने लिहिलं: आस २५ मिलिमीटर, प्रमाण ०.५, ठिगळांचा नकाशा जोडलेला. दोन्ही दोरांना सुती पट्ट्या बांधल्या, एकीवर 'वर', एकीवर 'खाली'.