ओढता येतो म्हणून ओढायचा नाही

सोमवार

मोठा घोडा अंगावर आला की माणसं दचकून मागे सरतात. बटू, आमचा मिनी म्हणजे ठेंगण्या जातीचा घोडा, अंगावर आला की हसतात. तो खिशात नाक खुपसतो, बाहीचं टोक दातांत धरतो, वळून आपला पुठ्ठा पायांना घासतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय लाघवी आहे! लाघवी तो आहेच, पण हे लाघव नाही. घोड्यांच्या कळपात कोण कुणाला जागेवरून हलवतं यावर पुष्कळ काही ठरत असतं. बटू माणसांना हलवून बघतो, माणसं कौतुकाने हलतात, आणि असं वागलेलं चालतं हे त्याच्या मनात पक्कं होतं.

तो आमच्याकडे आला तोच या सवयी घेऊन. आधीच्या घरी लाड भरपूर, शिकवणं शून्य. मला त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. त्याच्याशी कुणी नीट बोललेलंच नाही.

आज पाहुण्यांबरोबर एक छोटी मुलगी आली होती. तिच्या आईने विचारलं, "काकू, चावत नाही ना हा?" मी म्हटलं, "अजून शिकतोय, त्याला बाहेरूनच बघू या." दोघींचाही चेहरा पडला, पण माझा इलाज नव्हता. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नोंदीत ३४ इंचांपर्यंतचा, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटरचा घोडा मिनी धरतात, आणि ही उंची ऐकली की लोक निर्धास्त होतात. बटूचं वजन मात्र भरल्या अंगाच्या माणसाइतकं आहे. खुरंही घोड्याचीच आहेत. त्याने दुगाणी झाडली तर मोठ्या माणसाला ती गुडघ्यावर बसेल आणि त्या मुलीला तोंडावर. मुलांना सगळ्यात आधी सोडतात ते याच घोड्याजवळ, कारण तो त्यांच्या उंचीचा. म्हणून वळण याला जास्तच हवं.

बुधवार

मोठ्या घोड्याशी जोर करून कुणी जिंकत नाही, त्यामुळे त्याला शिकवणं भागच पडतं. मिनीला दोर धरून फरफटत नेता येतं, मागून ढकलता येतं, अगदीच अडलं तर चौघांनी मिळून उचलून गाडीत चढवता येतं. आणि म्हणूनच कितीतरी मिनी आयुष्यभर काही शिकत नाहीत. त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसतं, नुसतं हलवलेलं असतं. मग एक दिवस तो चारी पाय रोवून उभा राहतो आणि लोक त्याला अडेलतट्टू म्हणून मोकळे होतात. बटूच्या बाबतीत मी पहिल्या दिवसापासून एकच ठरवलं आहे: ओढता येतो म्हणून ओढायचा नाही.

आजचा सगळा वेळ मागे सरण्यावर घालवला. मी त्याच्या समोर उभी राहत नाही, खांद्याच्या जरा पुढे, बाजूला राहते. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण कपाळासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. शिवाय मिनीजवळ आपण नुसते उभे राहिलो तरी त्याच्यावर ओणवलेलेच असतो. समोरून वाकून हात पुढे केला की तो मान उडवतो, यात उद्धटपणा काही नाही. तर बाजूला उभं राहायचं, कंबर ताठ ठेवायची, मोरखीजवळचा, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्यांजवळचा, दोर दोन बोटांत धरायचा आणि त्याच्या छातीच्या दिशेने अगदी हलका दाब द्यायचा. अंगावर माशी बसली तरी घोड्याची कातडी तेवढ्याच जागी थरथरते. त्या अंगाला दोन बोटं कळत नाहीत असं होत नाही. बोटं कळतात, त्यांचा अर्थ माहीत नसतो.

बटूने आधी मान वर केली. मग दाबाविरुद्ध पुढे रेटून पाहिलं. मग तोंड माझ्याकडे वळवून दोर चावायचा प्रयत्न केला. मी दाब वाढवला नाही आणि सोडलाही नाही. थोड्या वेळाने त्याच्या छातीवरचा भार किंचित मागे गेला. पाऊल नव्हतं ते, फक्त डावा पुढचा खूर जमिनीवर हलका झाला. त्याच क्षणी दोर ढिला केला आणि हात खाली घेतला. त्याने डोळे मिटले-उघडले, जीभ ओठांवरून फिरवली आणि मान खाली सोडली. पुढच्या वेळी भार लवकर मागे गेला, आणि त्यानंतर पाऊलही आलं. तिथेच थांबले. आणखी चार पावलं काढून घ्यायचा मोह होतो, पण जमलं त्या ठिकाणी काम संपलेलं त्याला बरं कळतं.

दाबाने घोडा शिकत नाही, दाब सुटल्यावर शिकतो. म्हणून सगळी मदार सोडण्याच्या वेळेवर आहे. क्षणभर उशीर झाला की तोवर त्याने मान उडवलेली असते, आणि मान उडवली की दाब जातो एवढंच तो उचलतो. मागच्या पायांवर उभे राहणारे कितीतरी घोडे असेच तयार होतात: घोडा उभा राहिला, धरणारा घाबरला, दोर सुटला. मिनी असा उभा राहिला की बघणारे टाळ्या वाजवतात, मोबाइल काढतात. मला तेव्हा त्याच्या पाठीची आणि पुढच्या आयुष्याची काळजी वाटते.

सामानाचंही एक. मोठ्या घोड्याच्या शिंगराची मोरखी मिनीला घालतात, ती बहुधा सैल पडते. नाकावरचा पट्टा घसरून हाडाच्या नाजूक टोकावर येतो, दोराची जड कडी हनुवटीखाली झुलत जबड्यावर आपटत राहते. त्या गोंधळात दोन बोटांचा दाब त्याला काय कळणार! पट्टा गालाच्या हाडाच्या जरा खाली बसला पाहिजे आणि दोर वजनाला हलका पाहिजे.

शुक्रवार

खाऊबद्दल माझं मत जरा कडक आहे. खाऊ देऊन शिकवू नये असं मी म्हणत नाही, पुष्कळ गोष्टी त्याने फार लवकर येतात. पण ज्याला खिसे तपासायची सवय आहे त्याला खाऊ मिळेल तो तोंड सरळ पुढे किंवा माझ्यापासून पलीकडे असताना, आणि मीच तिथवर हात नेऊन देईन. तोंड माझ्याकडे आलं की मूठ बंद. बटूला हे दोन दिवसांत उमगलं. आता तो काही हवं असलं की मुद्दाम मान पलीकडे करून उभा राहतो. आज त्याला तसा उभा पाहून मला फार आनंद झाला.

तरी खाऊ मोजूनच. मिनी थोड्यावर गुटगुटीत राहतात आणि चटकन लठ्ठ होतात. मग खुरांच्या आत सूज येऊन चालणं मुश्कील होतं. आणि घाबरून त्यांचं खाणं एकदम तोडलं तर शरीरातली चरबी रक्तात उतरते आणि जिवावर बेततं. म्हणून बक्षीस म्हणून मी जास्त वापरते ते खाजवणं. आयाळ संपते त्या जागी, मानेच्या बुडाशी, बोटांनी जोरात खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे अभ्यासकांनी मोजून पाहिलं आहे. घोडे एकमेकांनाही तिथेच दातांनी खाजवतात. बटूचा वरचा ओठ लांब होतो, थरथरतो, आणि मग तो माझी पाठ खाजवायला तोंड आणतो. तेवढं मी घेत नाही. हळूच त्याचं तोंड सरळ करते आणि खाजवत राहते.

आक्का, आमची जुनी घोडी, या कामात माझ्याहून सरस आहे. तिच्या घमेल्यात बटूने तोंड घातलं तर ती आधी कान मागे पाडते. तेवढ्याने भागलं नाही तर मान लांब करते. त्यानंतर मात्र मागचा पाय. प्रत्येक वेळी हाच क्रम, आणि तो मागे सरला की तिचा राग तिथल्या तिथे संपतो, ती खायला लागते. माझ्या घमेल्याजवळही आता तोच नियम आहे. घमेलं खाली ठेवून मी बाजूला होईपर्यंत त्याने पलीकडे थांबायचं. लहान वयात आईपासून तोडून एकटी वाढवलेली शिंगरं या शिकवणीला मुकतात.

शनिवार

खुरं. मिनीचा पाय उचलताना सगळे तो आपल्या सोयीच्या उंचीपर्यंत वर आणतात, वर बाहेरच्या बाजूला खेचतात. त्याचा तोल जातो, सांधा दुखतो, तो पाय हिसकतो आणि बोलणी खातो. वाकायचं आपण, पाय राहायला हवा खाली, त्याच्याच पोटाखाली. त्याच्याजवळ गुडघे टेकून बसू नये. उकिडवं बसावं, म्हणजे झटकन उठता येतं.

पुढचे दोन्ही पाय तो आता मागितल्यावर देतो. डावा मागचाही. उजवा मागचा अजून झटकतो, म्हणून आज तो उचललाच नाही. पुठ्ठ्यापासून खाली हात फिरवत नेला, जिथे ताठ झाला तिथे थांबले, सैल झाला की हात काढला. खुरं तासायला येणारे काका सहा ते आठ आठवड्यांनी येतात. त्यांनी धरून काम उरकावं हे मला नको आहे.

तोंडाचंही असंच. मिनीचं डोकं लहान, त्या मानाने दात मोठे, त्यामुळे जबड्यात दाटी होते. दात तपासणं टळत नाही. रोज ओठ उचलायचा, हिरडीवर बोट ठेवायचं, सोडायचं.

रविवार

अमेरिकेच्या अपंगांविषयीच्या कायद्याच्या २०१० मधल्या सुधारित नियमांत, मदतनीस कुत्र्यांखेरीज प्रशिक्षित मिनी घोड्यांनाही सार्वजनिक जागेत येऊ देण्याचा विचार करायला सांगितलं आहे. तो घोडा येऊ शकेल का हे ठरवताना आकार आणि वजन बघतात, आणि तितक्याच महत्त्वाने बघतात तो सांभाळणाऱ्याच्या ताब्यात आहे का, त्याला शी-शूचं वळण आहे का. मिनी कुठवर जाऊ शकतो याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

मोठ्या घोड्याला जमिनीवरून शिकवतात ते पुढे पाठीवर बसायचं म्हणून. मिनीवर मोठं माणूस कधी बसणारच नाही. त्याचं आपल्याशी जे काही नातं व्हायचं ते जमिनीवरूनच, शेजारी चालताना, दोर हातात असताना. आणि तो चांगली २५-३० वर्षं जगतो. या काळात घर बदललंच, तर ज्याला पाय देता येतो, थांबता येतं, गाडीत चढता येतं, त्याला चांगलं माणूस मिळतं. बाकीचे हातोहात फिरत राहतात.

या आठवड्यात मागे सरणं एका बोटावर आणायचं आहे. नंतर लांब दोऱ्या लावून मागून चालायला सुरुवात करीन, आधी आक्का शेजारी असताना, मग ती दिसणार नाही अशा बाजूला. गाडीला जुंपायची घाई नाही. उजवा मागचा पाय त्याच्या आधी हवा.