कॉब घट्ट, फुल सैल: मधल्या मापाच्या घोडीचा साज

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तेव्हा घोड्यांच्या बाजाराला लागूनच साजाची दुकानं मांडलेली असतात. घोडी ५८ इंच उंच असो की ६२, ब्रायडलची (डोक्यावर चढवायच्या पट्ट्यांच्या साजाची) मापं तीनच: पोनी म्हणजे लहान, कॉब म्हणजे मधलं आणि फुल म्हणजे मोठं. ही मापं विलायती घोड्यांच्या डोक्यावरून पडली आहेत, आपल्याकडची डोकी तशी नाहीत. मारवाडी जातीच्या घोड्याचा चेहरा लांब आणि नाकाकडे अरुंद, काठेवाडी जातीच्या घोड्याचं कपाळ रुंद पण मुस्कट आखूड आणि निमुळतं. त्यामुळे एकच घोडी गालाला फुल निघते, नाकाला कॉब आणि कपाळाला पुन्हा फुल. दुकानदार म्हणतो, 'बशी जाई'. बसतं, पण कुठेतरी रुतून किंवा लोंबून.

अशा घोडीला 'मधल्या मापाची' म्हणतात, तिथेच गल्लत होते. ती मधली नसते, तिच्या प्रत्येक अवयवाचं माप निराळं असतं. 'अडलं तर एक साइज मोठा घ्या' हा सल्लाही निम्माच खरा आहे. काही भाग मोठे चालतात, काही लहानच घ्यावे लागतात, आणि कोणता कुठे हे ठरवायला कारण माहीत असावं लागतं.

बाजारात जाण्याआधी घरी मापं घ्या. शिंप्याची टेप, सुतळी, पेन आणि सपाट जमीन एवढं पुरतं. ओठाच्या एका कोपऱ्यापासून कानांमागून डोक्यावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतचं पहिलं माप. एका कानाच्या मागून कपाळावरून दुसऱ्या कानाच्या मागेपर्यंत दुसरं. गालाच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटं सोडून नाकाभोवतीचा घेर तिसरं. मग प्रत्यक्ष पट्ट्यांना टेप लावून ताडून पाहा. लेबलावर विसंबू नका, दोन कारागिरांच्या 'कॉब'मध्ये अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज असतो. दुकानदार सुटे भाग बदलून देत असेल तर फुलच्या गालपट्ट्या, फुलची कपाळपट्टी आणि कॉबची नाकपट्टी असा जोड लावा. मारवाडी घोडीला बहुतेक वेळा हाच बसतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कपाळपट्टीकडे. तिला बक्कल नसतं, छिद्रं नसतात, म्हणून ती 'शोभेची' समजून जी मिळेल ती घेतात. ती आखूड पडली की डोक्यावरचा पट्टा पुढे ओढला जातो आणि कानांच्या मुळाशी रुततो. आपल्या घोड्यांचे कान टोकाशी आत वळलेले आणि सतत फिरणारे, त्यामुळे मुळाशी पट्टा घासला की त्रास दिवसभर चालतो. घोडी डोकं झटकते, ब्रायडल चढवताना मान वर उचलते, कानाला हात लावू देत नाही. मग तिला खोडकर ठरवून मालक लगाम आणखी कडक करतो. खरं तर एक बोट कपाळाच्या मध्यापासून पट्टीखालून कानामागेपर्यंत फिरवून पाहायचं असतं. बोट कुठेही अडकलं नाही तर पट्टी बरोबर. इथे चूक करायचीच असेल तर लांबीच्या बाजूने करा. पाऊण इंच जास्त असली तरी चालते, डोळ्यावर लोंबायला लागली तर कडेचा फासा उसवून मोची ती पाऊण इंचाने आत घेऊन शिवून देतो. आखूड पट्टी मात्र कोणालाच वाढवता येत नाही.

नाकपट्टीची ढील नाकाच्या हाडावर, अगदी वर मध्यभागी, दोन बोटं घालून तपासा. बाजूला तपासू नका. तिथे मऊ भाग दबतो आणि पट्टी घट्ट असूनही बोटं आत जातात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २०२५ पासून ही ढील मोजायला ठरावीक मापपट्टी वापरतात, ती सुद्धा नाकाच्या हाडावरच लावतात. गळपट्टी अगदी साधी: तिच्यात आणि जबड्यात चार बोटं मावली पाहिजेत.

आता बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा धातूचा भाग. तोंडाची रुंदी मोजायला गुळगुळीत लाकडी काठी किंवा प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा घ्या. तो बिट असतं त्या जागी तोंडात ठेवून दोन्ही बाजूंना ओठाला लागून खूण करा. ओठ आत ढकलू नका, ताणूही नका. तीनदा मोजा आणि तिन्ही वेळा सारखं आलं तरच लिहून ठेवा. समजा माप १२२ मिमी आलं. बाजारात ४.७५ इंची बिट म्हणजे सुमारे १२१ मिमी, ५ इंची १२७ आणि ५.२५ इंची १३३. बाजूच्या कड्या सुट्या फिरणाऱ्या असतील तर दर बाजूला ५ मिमी मोकळीक लागते, नाहीतर कडी फिरताना ओठाची कातडी भोकात चिमटते. म्हणजे सुट्या कड्यांचं ५.२५ इंची. कड्या पक्क्या जोडलेल्या असतील तर दोन-अडीच मिमी पुरते, म्हणजे ५ इंची. एकाच घोडीला दोन निरनिराळी मापं, आणि दोन्ही बरोबर. याहून मोठं घेतलं तर बिट तोंडात इकडून तिकडे सरकतं, मधला सांधा मध्यावर राहत नाही आणि एका हिरडीवर जास्त दाब येतो. काटेरी बिटाचा तर विचारच नको. १९६५ च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधाच्या नियमांनुसार काटे किंवा टोकं असलेलं बिट आणि साज वापरायला मनाई आहे, तरीही ते बाजारात टांगलेलं दिसतं.

गालपट्टीचं बक्कल डोळ्याच्या पातळीत आणि छिद्रांच्या मधोमध यावं, वर-खाली दोन-दोन छिद्रं शिल्लक राहावीत. एका बाजूला दुसरं आणि दुसऱ्या बाजूला पाचवं छिद्र लावून जुळवाजुळव केली की डोक्यावरचा पट्टा तिरका बसतो. छिद्रं दूर दूर असतील आणि तुमचं माप दोन छिद्रांच्या मधे पडत असेल तर दोन्ही बाजूंना मधोमध नवं भोक पाडून घ्या. पण आधी कातड्याला तेल द्या आणि आठ-दहा दिवस वापरा. नवं कातडं ताणतं, पहिल्याच दिवशी पाडलेलं भोक नंतर निरुपयोगी ठरतं. भोक गोल पंचानेच पाडा. आरीने टोचलेल्या भोकाला ओढ बसली की चीर वाढत जाते आणि तापलेल्या खिळ्याने भोकाची कड जळून कडक होते, मग तिथूनच पट्टा तुटतो. शेवटच्या भोकापुढे किमान दोन इंच कातडं राहू द्या.

खोगिराचं गणित वेगळं आहे. तिथे माप डोक्यासारखं टेपने घेता येत नाही, आकार घ्यावा लागतो. घोडी सपाट जागी चारही पाय सरळ ठेवून उभी करा, मान नेहमीच्या उंचीवर. चारा खायला वाकलेली चालणार नाही. खांद्याच्या पात्याची मागची कड हाताने चाचपून शोधा, तिच्या मागे तीन बोटं सोडून खडूने रेघ मारा. त्या रेघेवर जाड वायर पाठीवरून दोन्ही बाजूंना दाबून बसवा. वायर हाताने वाकणारी पण वाकवल्यावर आकार धरून ठेवणारी हवी. न हलवता उचलून पुठ्ठ्यावर ठेवा, आतल्या बाजूने पेन फिरवा आणि पुठ्ठा कापा. डावी-उजवी लिहायला विसरू नका, कारण बहुतेक घोड्यांचा एक खांदा जास्त भरलेला असतो. हा पुठ्ठा यात्रेत नेता येतो, कानपूरच्या कारागिराकडे पोस्टाने पाठवताही येतो. खोगिराच्या पुढच्या कमानीत तो धरला की कमानीचे दोन्ही पाय पुठ्ठ्याच्या कडांना समांतर दिसले पाहिजेत. पाय खाली आत वळत असतील तर खोगीर अरुंद. फाकलेले दिसत असतील तर रुंद.

दोन रुंदींच्या मधे अडलात तर रुंद घ्या. रुंद खोगिराला खाली भर घालून जुळवता येतं, अरुंद खोगिराला काहीच करता येत नाही. अरुंद खोगिराखाली जाड गादी घालणं म्हणजे आवळ बुटात जाड मोजा घालणं. ही चूक फार जण करतात आणि पाठीवर फोड आला की नमद्याची (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाची) घडी वाढवत नेतात.

भर घालायची ती सगळीकडे नाही, फक्त खांद्यामागच्या दोन पोकळ्यांत. लोकरीचा नमदा किंवा जुन्या जाड घोंगडीचे दोन सारखे तुकडे तळहाताएवढे कापा, जाडी ५ मिमी. कडा रापीने (मोच्याच्या कातडं कापायच्या हत्याराने) तासून निमुळत्या करा. बोथट कड ठेवली तर तिचीच रेघ पाठीवर उमटते. तुकडे गादीच्या खिशात किंवा दोन कापडांच्या मधे शिवा, सुटे ठेवू नका. स्वार बसल्यावरही मानेमागच्या उंचवट्यावर दोन बोटं मोकळी राहायला हवीत, वर आणि दोन्ही बाजूंनाही. मारवाडीचा हा उंचवटा उठावदार असतो, म्हणून बाजूंची मोकळीक आवर्जून बघा. दर बाजूला १० मिमीपेक्षा जास्त भर लागत असेल तर ते खोगीर त्या घोडीचं नाही. मागची बाजू शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपली पाहिजे. आखूड पाठीच्या घोडीला १७.५ इंची आसन स्वाराला कितीही सोयीचं असलं तरी कमरेवर जातं.

सांगाडा नसलेल्या पारंपरिक गादीला माप लागत नाही असं समजतात. तिचा सगळा भार कण्यावर येतो. मधोमध कण्याएवढी तीन-चार बोटांची खाच आणि दोन्ही बाजूंना भरीव पट्टे असतील तरच ती रोजच्या सवारीला घ्यावी.

तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायचा पट्टा, साधारण दोन-दोन इंचांच्या फरकाने मिळतो. खोगिराच्या पट्ट्यांच्या तिसऱ्या छिद्रापासून पोटाखालून पलीकडच्या तिसऱ्या छिद्रापर्यंत मोजा, आणि दोहोंच्या मधे आलं तर आखूड घ्या. तंग वापरून ताणतो आणि लग्नसराईत घोडी सुकते, लांब तंग तेव्हा शेवटच्या छिद्राला जाऊन टेकतो. बक्कल कोपरापाशी येत नाही ना, तेवढं पाहा. कोपर आणि तंग यांच्यात चार बोटं हवीत. रिकीब (पाय ठेवायची कडी) बुटापेक्षा दर बाजूला १ सेंमी रुंद असली की पुरे, ती स्वाराच्या पायाची गोष्ट आहे.

खान्देशात पाठीचा आकार वर्षभर सारखा राहत नाही. चैत्र-वैशाखात लग्नांच्या नाचण्याने आणि उन्हाने घोडी सुकते, भाद्रपदापर्यंत हिरव्या चाऱ्यावर भरते. पुठ्ठा वर्षातून दोनदा तरी नव्याने कापा, त्यावर तारीख आणि त्या दिवशीचं तंगाचं छिद्र लिहा. जुना पुठ्ठा फेकू नका, नव्यावर ठेवून फरक बघा. भर काढायची की वाढवायची ते त्यावरच ठरतं.

आणि घामाचा ठसा. चाळीस मिनिटं चाल आणि दुडकी झाल्यावर खोगीर उतरवा. दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि मधे कण्यावर कोरडी वाट दिसली तर ठीक. ओल्या पट्ट्यात कोरडा ठिपका म्हणजे एकतर तिथे खोगीर टेकतच नाही किंवा फार दाबतंय. बोटांनी दाबून पाहा, घोडीने पाठ खाली घेतली तर दाब आहे. पांढरे केस उगवले असतील तर दाब जुना. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे घाम पाहता पाहता वाळतो, म्हणून खोगीर उतरवताच आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मग पाठीवर पाणी मारा.