तुम्ही विचारलंत म्हणून: प्रिंटच ना शेवटी, मग एवढे पैसे कशाला?

घरी येणारा जवळपास प्रत्येक पाहुणा हॉलमधल्या फ्रेमची, म्हणजे 'इन्व्हेडर' या कलाकाराच्या सही केलेल्या प्रिंटची, किंमत काढून घेतो आणि मग म्हणतो, "अहो, हे तर टीव्ही गेममधलं भूत! नेटवरून उतरवायचं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कलर प्रिंट मारून घ्यायचा."

ते भूत 1978च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मधलं. ताइतो कंपनीसाठी हा गेम करताना तोमोहिरो निशिकादो यांनी परग्रहावरचे शत्रू चक्क समुद्रातून उचलले: खेकडा, ऑक्टोपस आणि माकूळ, म्हणजे स्क्विड. (मालवणचे पाहुणे माकूळ म्हटल्यावर जरा मवाळ होतात.) आठ बाय आठच्या चौकोनांत जिवंत वाटेल असं माकूळ बसवणं सोपं नाही, एकदा वहीवर करून बघा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पॅरिसमधल्या या कलाकाराने हेच चौकोन टाइल्समध्ये मांडले आणि सिमेंटने भिंतींवर चिकटवायला सुरुवात केली. 'इन्व्हेडर' हे त्याचं टोपणनाव. चेहरा तो दाखवत नाही. आजवर जगभरात त्याच्या अशा चार हजारांहून जास्त कलाकृती लागल्या आहेत. प्रत्येकीला शहराचा कोड, क्रमांक आणि गेमसारखे पॉइंट. 2014पासून तर अ‍ॅप आहे, भिंतीवरची कलाकृती सापडली की फोटो काढायचा आणि पॉइंट कमवायचे.

आता भिंतीवरचं ते काही विकायला नसतं. तरी लोक छिन्नी घेऊन जातात. 2017मध्ये पॅरिसमध्ये काही जणांनी महापालिकेच्या कामगारांसारखी जाकिटं घालून बऱ्याच कलाकृती उचकटल्या आणि 'ही माणसं आमची नाहीत' असं पालिकेला सांगावं लागलं. उचकटताना टाइल्स फुटतात. चोरांच्या हाती लागतो तो राडारोडा, आणि गल्लीतल्या लोकांची मजा कायमची जाते. मला ते घरात नकोच. घरात आणायची गोष्ट म्हणजे त्याने स्वतः कागदासाठी केलेला प्रिंट.

हे प्रिंट बहुधा स्क्रीन प्रिंट असतात. ज्यांनी गावात लग्नपत्रिका छापताना पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको: ताणलेली जाळी, वरून शाई, रबरी पट्टीने एक ओढ. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. जुन्या गेममध्ये रंगच मोजके आणि सपाट, त्यामुळे हे तंत्र त्याला फार शोभतं. भिंगाखाली धरलं की रंगाची कड स्वच्छ दिसते, तिरप्या उजेडात शाईचा थर किंचित वर आलेला दिसतो. झेरॉक्सवाल्याच्या प्रिंटमध्ये नुसते ठिपके. नक्कल ओळखायची माझी पहिली परीक्षा हीच.

खाली पेन्सिलने 43/150 असं काहीतरी लिहिलेलं असतं: दीडशेपैकी त्रेचाळिसावा. दीडशे झाले की संपलं, परत छापायचे नाहीत. कलाकाराकडे 'एपी' (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेल्या थोड्या प्रती वेगळ्या राहतात, तेवढ्याच. कमी आकड्यासाठी जास्त पैसे मोजणारे भेटतात. तांब्याच्या पत्र्यावरून छापायचे तेव्हा पत्रा झिजायचा, म्हणून आधीची प्रत सरस. स्क्रीन प्रिंटला हा हिशेब लावण्यात काही अर्थ नाही असं माझं मत.

खरी डोकेदुखी पुढेच. आमच्या फ्रेमवाल्याने पहिल्यांदा प्रिंट हातात घेतला आणि म्हणाला, "साहेब, ही पांढरी बॉर्डर कापून टाकतो, लॅमिनेशन करून देतो, वर्षानुवर्षं बघायला नको." त्या बॉर्डरवरच सही आणि आकडा! आता मी दुकानात उभा राहून काम करून घेतो. अ‍ॅसिड नसलेला माउंट (प्रिंटभोवतीचा पुठ्ठा), कागद आणि काचेत फट, मागे डिंक नाही. आणि पावसाळ्यात बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर फ्रेम ठेवायची नाही. ती भिंत ओल धरते, मग कागदावर तपकिरी डाग, बुरशी, त्यात कसर. जून ते सप्टेंबर मी फ्रेम आतल्या भिंतीवर हलवतो. बायको याला 'देव हलवणं' म्हणते.

विकणार का, हा पुढचा प्रश्न. नाही. विकत घेऊन आठवड्याभरात दुपटीला काढणाऱ्यांमुळेच आमच्यासारख्यांना नवीन प्रिंट मिळत नाहीत.

आणि फुकटात बघायचं असेल तर पॅरिसलाच जायला हवं असं नाही, त्याने वाराणसीतही टाइल्स लावल्यात. काशीला निघालेल्या प्रत्येक नातेवाइकाला मी सांगतो, गल्लीत जरा मान वर करून चाला. मावशीने घाट, आरती, लस्सी, झाडून सगळ्याचे फोटो पाठवले. आता काका निघालेत.