९८ च्या सिएराचं आरसी रिन्युअल अन् ती दोन दारं

मामाची ९८ ची टाटा सिएरा माझ्याकडे आहे, एमएच ३१ पासिंग. भंगारात देऊन टाक म्हणणारे खूप भेटले, पण आपल्या नागपुरात दिल्लीवाली, १० वर्षांवरची डिझेल गाडी बंद अशी भानगड नाही ना बावा, फिटनेसमध्ये पास झाली की आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, ५ वर्षं पुढे सरकते.

कागदांचं काही एवढं नव्हतं. पोर्टलवर फॉर्म २५ भरला, पीयूसी, इन्शुरन्स, पर्यावरण कराची पावती, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेली प्रिंट, झालं. झोंबली ती फी. २०२२ मध्ये ६०० चे ५ हजार केले होते, अन् ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला १० हजार.

खरी कटकट दारांची. दोनच दारं म्हणजे ती भली लांब, मागे बसायचं तर पुढची सीट पाडून तिथूनच शिरायचं, अन् तो एवढा मोठा पत्रा काचेसकट बिजागऱ्यांवर लटकून राहतो. ड्रायव्हरकडचं दार इतकं लोंबलं होतं की खालून उचलून आपटल्याशिवाय लागत नव्हतं. डेंटर म्हणे, "भाऊ, लॉक थोडं खाली घेऊन देतो, लागून जाईल." म्हटलं जुगाड नको, बिजागरीची पिन काढून दाखव. काढली तर एका बाजूनं घासून चपटी झालेली, ती ज्या नळीत फिरते त्या बुशचं भोक लांबट. नवा पार्ट काही मिळाला नाही, मग वाडीतल्या लेथवाल्याकडून पितळी बुश अन् पिन करून घेतली, दाराखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकनं वर घेतलं, लेव्हल जुळली तेव्हाच बोल्ट कसले.

फिटनेसला साहेबांनी लाइट, वायपर, हॉर्न, हँडब्रेक पाहिलं, चेसिस नंबर ताडला, दारं उघडझाप केली, मागची काच खाली होते का विचारलं. ती होतच नाही, कंपनीतूनच फिक्स आहे, पार छतापर्यंत वळलेली, दिसते झकास पण मे महिन्यात एसी बंद पडला की मागच्याचं काही खरं नाही.

नवी सिएरा २०२५ च्या नोव्हेंबरात आली ती मागच्यांना स्वतंत्र दारं घेऊन, दोन दारांच्या महिंद्रा थारचीही २०२४ मध्ये तशीच रॉक्स आलीच. बरोबरच आहे त्यांचं, माझ्या आईला मागे चढणं जमतच नाही, ती पुढेच बसते.

आरसीवर नवी तारीख आली. डावीकडची पिनही घासलीच असणार, पावसाळ्याआधी काढतो, लेथवाल्याला दोन बुश जास्तीचे करायला सांगून ठेवलेच आहेत.