आमची वाटचाल : उजनीच्या काठावरून पंचेश्वरच्या संगमावर

सोलापूर स्टेशनवर चार फुटी पीव्हीसी पाइप खांद्यावर टाकून उभं राहिलं की पोलीस हटकतोच. पाइपाच्या दोन्ही तोंडांना टोपणं, आत दोन तुकड्यांचे सात फुटी रॉड जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेले. टोपण काढून दाखवायचं. मग ठरलेला प्रश्न येतो, "उजनीतले मासे संपले काय ओ?"

प्रश्न रास्त आहे, कारण आमचा धंदा उजनीवरच उभा राहिला. काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात एक कप्पा माझा होता. त्यात गळ, तंगूस आणि शिसं. रविवारी बॅकवॉटरला मरळ नाहीतर चिलापीसाठी बसणारी मंडळी माझी गिऱ्हाइकं. त्यातल्याच चौघांना महसीर, म्हणजे नदीतला तो मोठा, ताकदीचा मासा, बघायचा होता, त्यांना कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरीला घेऊन गेलो. रागीच्या पिठाचा लिंबाएवढा गोळा गळाला लावून दोन दिवस बसलो आणि कुणालाच काही लागलं नाही. तरी परतताना चौघांनीही पुढच्या वर्षीचं विचारलं, तेव्हा म्हटलं, यात काहीतरी आहे.

त्याच नदीनं आम्हाला जवळजवळ बुडवलंही. अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकणं बंद झालं. मासा धरून परत सोडला तरी चालेना, आणि आमच्या निम्म्या सहली तिकडच्याच. मी बुकिंगवाल्यांना खरं सांगितलं आणि सहली थांबवल्या. माझ्याकडं एक पोरगा होता. गाठी मी शिकवल्या, रीळ उघडून तेल द्यायला मी शिकवलं. त्यानं माझ्या वहीतले फोन नंबर उतरवून घेतले आणि "आपल्याकडं परवानगी आहे" म्हणून अकरा जणांना परस्पर नेलं. वनखात्यानं सगळं सामान जप्त केलं. रॉडवर स्टिकर माझ्या दुकानाचं! गिऱ्हाइकं माझ्या दारात. नाव जायला नको म्हणून त्यांचे पैसे मी भरले, बायकोच्या पाटल्या मोडून. ज्यांच्या पुढच्या सहली ठरल्या होत्या तेही अ‍ॅडव्हान्स मागायला रांगेत उभे.

त्या रांगेत एक माणूस नव्हता. सोलापूरच्या पूर्व भागातले यंत्रमाग कारखानदार, आम्ही त्यांना मालक म्हणतो. ते आठवड्यानं आले, चहा घेतला आणि म्हणाले, "पैसे राहू द्या तुमच्याकडं. दुसरी नदी बघा." त्या पैशांत मी पंचेश्वर बघून आलो. कर्नाटक एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून टनकपूर, चंपावत, लोहाघाट आणि शेवटी जीप. नेपाळच्या हद्दीवर काली आणि सरयूचा संगम. उन्हाळ्यात बर्फ वितळून काली गार होते, तेव्हा महसीर सरयूच्या कोमट पाण्याकडं सरकतो. म्हणजे बसायचं ते संगमाच्या तोंडाशी. हे कळायला मला दोन फेऱ्या लागल्या.

मालकांच्या हाताबद्दल सांगायलाच हवं. मागावर तुटलेला धागा जोडण्यात त्यांची उमर गेली. रिळावरच्या वेणीच्या दोरीला लीडर, म्हणजे गळाकडचा जाड तंगूस, जोडायची एफजी गाठ भल्याभल्यांना जमत नाही. दोरी ताणून धरायची आणि लीडरवर वीसेक वेढे एकाशेजारी एक बसवायचे, एकावर एक चढला की गेलं. मालकांनी ती एकदा बघितली आणि चष्मा न लावता बांधली. आजही महत्त्वाची गाठ मी त्यांच्याकडूनच तपासून घेतो.

नवशिक्यांनी एवढं करावं : गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं चेपून टाका. मासा कोरड्या दगडावर ठेवू नका, फोटो पाण्यातच काढा, तोंड प्रवाहाकडं धरा आणि तो स्वतःहून शेपूट मारेपर्यंत सोडू नका. एवढी काळजी कशाला? 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी काबिनीत 120 पौंडांचा महसीर काढला होता. त्याच वाशिंडवाल्या महसीरचं शास्त्रीय नाव 2018 मध्ये नक्की झालं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आणि हो, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. सहाव्या दिवशीही खाता येते, ब्रेडचं तसं नाही.

पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पाटल्या परत केल्या, जरा जड करूनच.

तो पोरगा आता पुण्यात असतो. सोलापुरातून रानातल्या नद्यांवर पहिल्यांदा लोक त्यानंच नेले, असं एका मुलाखतीत छापून आलंय. मालकांनी ते कात्रण आणून माझ्या टेबलावर ठेवलं. बोलले काहीच नाहीत, तंगुसाची दोन रिळं घेतली आणि गेले. गेल्या महिन्यात त्याच पोराचा माणूस दुकानात आला होता, स्विव्हल (दोरीची फिरती कडी) आणि स्पून (चमच्यासारखं आमिष) न्यायला. दिले. रोखीनं. त्याला उधारी नाही.