एक्सरे नॉर्मल होता, टेंडन तुटलेलं होतं

मी गोव्यात डिचोलीत फिजिओथेरपी करते. शिगम्याच्या, म्हणजे आमच्या होळीच्या सणाच्या दिवसांत आमच्याकडे गुडघे, कंबर, घोटे दुखणाऱ्यांची रांग असते, पण त्यातला एक टिपर ड्रायव्हर चांगलाच लक्षात राहिलाय. चाळिशीचा माणूस, वर्षभर स्टिअरिंगवर बसून आणि शिगम्यात एकदम रोमटात, म्हणजे मिरवणुकीतल्या नाचात, तासन्‌तास उड्या. मिरवणुकीत डाव्या टाचेमागे फट्ट आवाज झाला, त्याला वाटलं कुणीतरी मागून लाथ घातली, "कोणें मारलें रे?" म्हणून वळला तर मागे कुणीच नाही. हे ऐकलं आणि मी सावध झाले, कारण अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी जाड दोरी) तुटलेले बरेच पेशंट अगदी हेच सांगतात.

आधी एका ठिकाणी एक्सरे काढून हाड ठीक आहे, मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधून पाठवलेलं, घरी तेल चोळणं चालू. बायको म्हणाली, "डॉक्टर, हे चालतात की, पाऊलही खाली दाबतात, मग तुटलं कसं म्हणता?" प्रश्न रास्त होता. बोटं वाकवणारे आणि घोट्याच्या मागून जाणारे दुसरे स्नायू पाऊल थोडंफार दाबू शकतात, त्यामुळेच हे निदान सुटतं, आणि एक्सरेत टेंडन काही दिसत नाही.

त्याला पालथं झोपवलं, दोन्ही पावलं टेबलाबाहेर. उजवी पोटरी दाबली, पाऊल लगेच खाली झुकलं. डावी दाबली, काहीच नाही. परत दाबली, पाऊल तसंच लटकलेलं. टाचेच्या हाडापासून चार-पाच सेंटिमीटर वर बोट फिरवलं तर बोट आत खड्ड्यात गेलं. वहिनींचंही बोट तिथे ठेवलं, मग त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

त्याच दिवशी चिठ्ठी देऊन बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. सोनोग्राफीत पूर्ण तुटलेलं, पण पाऊल खाली झुकवलं की दोन्ही टोकं जवळ येत होती, आठवडाही झाला नव्हता, म्हणून ऑपरेशन किंवा पाऊल झुकलेलं धरून ठेवणारा खास बूट असे दोन्ही रस्ते मोकळे होते. महिना उलटला असता तर बहुधा ऑपरेशनच करावं लागलं असतं आणि तेही मोठं.

घरच्यांना वाटत होतं ऑपरेशन म्हणजेच खरा इलाज. मी त्यांना २०२२चा नॉर्वेतला अभ्यास सांगितला, साडेपाचशेवर पेशंट होते त्यात. वर्षभरानंतर पायाचं काम ऑपरेशनवाल्यांचं आणि बिनऑपरेशनवाल्यांचं सारखंच निघालं. बिनऑपरेशनवाल्यांत १०० पैकी साधारण ६ जणांचं टेंडन पुन्हा तुटलं, ऑपरेशनवाल्यांत १०० पैकी एकाहूनही कमी, पण त्यांच्यात मज्जातंतूला इजा होणं जास्त होतं, शिवाय जखम चिघळायची भीती असतेच. त्याला मधुमेह होता, सिगारेटही ओढायचा, म्हणजे जखम भरायला त्रास. ऑर्थोच्या डॉक्टरांशी बोलून त्याने बूट घेतला.

बुटात टाचेखाली पाचरी, पाऊल खाली झुकलेलं, मग डॉक्टर सांगतील तशी एकेक पाचर काढायची. पोटरी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर तडक हॉस्पिटल, रक्ताची गुठळी होऊ शकते हे मी वहिनींना दोनदा बजावलं. आणि चोळणं, ताणणं एकदम बंद. टेंडन लांबून भरलं की पुढे टाच उचलायला जोरच मिळत नाही, आणि हे मागाहून व्यायामाने नीट होत नाही.

बूट निघाल्यावर खरी मेहनत सुरू झाली. आधी बसून टाचा उचलायच्या, मग दोन्ही पायांवर उभं राहून, मग एका पायावर. डावा पाय म्हणजे क्लचचा, आणि टिपरचा क्लच जड, त्यामुळे गाडी हातात द्यायची घाई आम्ही कुणीच केली नाही. आता सहा महिने झाले, गाडी चालवतो, पण डावी पोटरी अजून बारीक आहे आणि एका पायावर टाच पूर्ण वर जात नाही, अर्ध्यावर थांबते. रोमटाचं विचारतो सारखा. मी सांगितलंय, उजव्या पायाइतकी टाच वर गेल्याशिवाय उडी नाही, येत्या शिगम्यात ढोल वाजव.